परमुलखात पासपोर्ट हरवतो तेव्हा

गुरुवारची रात्र होती. इशाची नमाज पढून आम्ही हरमहून हॉटेलवर परतलो, तेव्हा आमच्या उमरा गटाबरोबर असलेला माणूस लिफ्टजवळच उभा होता. म्हणाला, "सोमवारी रात्रीची फ्लाइट आहे, सगळ्यांचे पासपोर्ट एकदा बघून घेऊ." माझा निघाला, आमच्या ह्यांचा निघाला, खालाचा निघाला. अम्मीच्या पर्समधून तस्बीह निघाली, बीपीच्या गोळ्या निघाल्या, मदिन्याहून घेतलेल्या अज्वा खजुरांची पुडी निघाली. पासपोर्ट काही निघाला नाही.

"अगं, सांभाळूनच ठेवला होता मी," एवढेच अम्मी म्हणत राहिली. आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांनी झेरॉक्ससाठी चारही पासपोर्ट घेतले होते आणि सकाळी परत दिले होते. अम्मीचा मी स्वतः तिच्या हातात दिला होता. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बॅगा उलट्या केल्या, गाद्या उचलल्या, कचऱ्याची टोपली पाहिली, काउंटरवर तीन वेळा जाऊन आलो. एकाहत्तर वर्षांची बाई. आयुष्यात कर्जतच्या पलीकडे पुणे आणि मुंबई एवढेच पाहिलेली. मक्केत बसून रडत होती ती दुआसाठी नाही, एका निळ्या पुस्तिकेसाठी.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीतली. नेरळजवळच्या दामत-ममदापूरपासून थेट खोपोलीपर्यंत आपल्या भागातले असे घर क्वचितच असेल, ज्यातला कोणी ना कोणी खाडीत नोकरीला नाही किंवा ज्यातले बुजुर्ग उमऱ्याला जाऊन आलेले नाहीत. तरीही त्या रात्री पुढे काय करायचे, हे आम्हा चौघांपैकी एकालाही माहीत नव्हते. मी बीएड झालेली, वर्गात मुलांना अर्ज लिहायला शिकवणारी बाई. माझीही तीच गत.

एक गोष्ट मात्र आठवली आणि झोप उडाली. जानेवारी २०२१ मध्ये पेपरात आले होते. औरंगाबादच्या एक पासष्ट वर्षांच्या बाई नवऱ्याच्या नातेवाइकांना भेटायला पाकिस्तानात गेल्या होत्या. लाहोरमध्ये त्यांचा पासपोर्ट हरवला. पासपोर्ट नाही म्हणजे आपण कोण, कुठल्या, इथे कशा आलो, याचा पुरावाच नाही. त्या तुरुंगात गेल्या आणि तिथे त्यांची अठरा वर्षे गेली. मी निर्दोष आहे असे त्यांनी तिथल्या कोर्टात सांगितले, तेव्हा कोर्टाने माहिती मागवली. औरंगाबादच्या सिटी चौक पोलीस ठाण्याच्या हद्दीत या बाईंच्या नावावर घर आहे, अशी नोंद पोलिसांनी शोधून पाठवली, मग सुटका झाली. २६ जानेवारीला त्या आपल्या गावी पोचल्या. आणि जेमतेम दोन आठवड्यांत, फेब्रुवारीत, त्यांचा इंतकाल झाला.

सौदी म्हणजे पाकिस्तान नव्हे आणि उमऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला कोणी हेर समजत नाही, हे मला कळत होते. पण त्या बातमीतली एक गोष्ट मनात रुतून बसली होती. त्यांना सोडवले ते गावातल्या एका दप्तरातल्या नोंदीने. माणूस परदेशात अडकतो, पण त्याची किल्ली घरी असते.

शुक्रवार-शनिवार सौदीत सरकारी सुट्टी. २०१३ पासून तिथला आठवडा असाच आहे. त्याआधी गुरुवार-शुक्रवार असे. म्हणजे कामाचे दिवस उरले दोन, रविवार आणि सोमवार. जुमा झाल्यावर गटाचा माणूस आणि आमचे हे अम्मीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मीही गेले. हे पहिले पाऊल कुठल्याही देशात टाळता येत नाही. पासपोर्ट हरवल्याची तिथल्या पोलिसांची लेखी नोंद नसेल, तर पुढचे कोणतेच दार उघडत नाही. कधी गेला, कुठे गेला, शेवटचा कुठे पाहिला, एवढेच विचारतात. खरे तेवढेच सांगावे. "चोरीला गेला म्हटले की लवकर होते" असा सल्ला आम्हाला तिथेही एकाने दिला. आम्ही ऐकला नाही. चोरी म्हटले की तपास आला, संशय आला, आणि कोणावर?

तासाभराने अरबीत छापलेला कागद हातात आला. मी उर्दू शिकवते, त्यामुळे अक्षरे वाचता येत होती, अर्थ मात्र पुसट. पण दोन शब्द ओळखीचे निघाले. पासपोर्टला अरबीत 'जवाज सफर' म्हणतात. आपल्या उर्दूत 'जवाज' म्हणजे एखादी गोष्ट जायज असल्याचे कारण. 'याला काय जवाज आहे?' असे आपण विचारतो. प्रवासाचा जवाज! आणि त्याच्यापुढे 'मफकूद'. बेपत्ता नवऱ्याच्या मसल्यात फिकहच्या पुस्तकांत येतो तोच शब्द. अम्मीला सांगितले तर ती त्या परिस्थितीतही म्हणाली, "म्हणजे माझा पासपोर्ट गेला नाही, नुसता बेपत्ता आहे. येईल." ते बोलणे पुढे किती खरे ठरणार होते, हे तेव्हा कोणाला माहीत!

शनिवारी आमच्या हाती काम होते ते कागद जमवण्याचे. इथेच घरच्या किल्लीची गोष्ट येते. व्हिसासाठी दिलेली अम्मीच्या पासपोर्टची पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स खोपोलीच्या एजंटाकडे होती. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पहिल्या पानावर नाव, फोटो, नंबर असतो हे सर्वांना ठाऊक असते. शेवटच्या पानाकडे कोणी बघत नाही. पण आई-वडिलांची व जोडीदाराची नावे, पत्ता आणि फाइल नंबर तिथे असतो, आणि वकिलातीतल्या माणसाला तुमची जुनी नोंद काढायला हे सगळे लागते. ज्यांच्याकडे काहीच नसते त्यांची ओळख भारतातल्या कार्यालयातून आणि गावच्या पोलिसांकडून पटवून घ्यावी लागते, आणि त्यात किती दिवस जातील याचा नेम नसतो.

मोठी धास्ती होती ती नावाची. आपल्या घरातल्या बायकांची नावे बघा. निकाहनाम्यात एक, रेशनकार्डावर दुसरे, आधारवर तिसरे. कुठे 'बी' जोडलेले, कुठे 'बानू', कुठे वडिलांचे नाव, कुठे नवऱ्याचे. अम्मीच्या आधारवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे आहे. वर्षानुवर्षे आम्ही "करू कधीतरी" म्हणत होतो. त्या दिवशी ते एक अक्षर डोंगराएवढे वाटले. नशिबाने पासपोर्टची प्रत असल्यामुळे आधारकडे कोणी फारसे पाहिले नाही.

फोटोही नवा काढला. डोक्यावरचा दुपट्टा चालतो, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा पूर्ण दिसायला हवा, आणि मागे पांढरा पडदा.

रविवारी सकाळी जेद्दाला भारताच्या वाणिज्य दूतावासात. मक्केहून तासा-सव्वा तासाचा रस्ता. रियाधला राजदूतावास आहे, पण मक्का-मदिन्याचा भाग जेद्दाकडे येतो. तिथे कळले की अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, हरवलेल्याच्या बदल्यात नवा पासपोर्ट. तिथे नोकरी करणाऱ्याने हाच घ्यावा, कारण त्याला इकामा, व्हिसा, सगळे त्याच्यावर चालवायचे असते. मात्र त्याला वेळ लागतो. दुसरा, इमर्जन्सी सर्टिफिकेट. हे एकाच प्रवासाचे कागद असते, तेही फक्त भारतात परतण्यासाठी. त्यावर दुबई नाही, दुसरे काही नाही. सोमवारचे विमान गाठायचे असलेल्या माणसाला हाच रस्ता.

आमच्या शेजारच्या बाकावर बिहारचा एक पोरगा बसला होता, बावीस-तेवीसचा. त्याचा पासपोर्ट हरवला नव्हता. मालकाने ठेवून घेतला होता आणि द्यायला तयार नव्हता. ही तक्रार आपल्या मुलांचीही असते, म्हणून थोडे लिहिते. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे १७ वे कलम सांगते की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता आहे. ती तुमचीसुद्धा नाही, मग मालकाची कुठून असणार? सौदी, अमिरात, कतार इथल्या नियमांतही कामगाराचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवणे मना आहे. तरी होते. अशा अडकलेल्यांसाठी २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे पोर्टल आहे; घरबसल्या कर्जतहून भाऊ किंवा बायकोही त्यावर तक्रार नोंदवू शकते. पैसे नसलेल्यांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमिरातीने व्हिसा संपलेल्यांना माफी दिली, तेव्हा पासपोर्ट नसलेले कितीतरी लोक याच एका प्रवासाच्या कागदावर घरी आले. त्या पोराचे पुढे काय झाले मला कळले नाही. अम्मीने त्याला खजूर दिले.

पोलिसांचा कागद, पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, परतीचे तिकीट, फोटो, कसा हरवला याचे लेखी निवेदन. खिडकीतल्या बाईंनी अम्मीला तिच्या वडिलांचे नाव विचारले, गाव विचारले, तालुका विचारला. अम्मी घाबरून "खालापूर" म्हणायचे ते "कर्जत" म्हणाली, तिचे माहेर. मग दोन्ही सांगितले. दुपारी चारच्या सुमारास कागद हातात पडला. मी त्यावरचे नाव पाच वेळा वाचले.

लोकांना वाटते इथे काम संपले. पण व्हिसा जुन्या पासपोर्टच्या नंबरावर असतो, आणि हातात असलेल्या कागदाचा नंबर वेगळा. ही सांगड तिथल्या जवाजात, म्हणजे पासपोर्ट खात्यात, बसवून घ्यावी लागते. ते उमरा कंपनीच्या माणसाने सोमवारी दुपारपर्यंत केले. एकटे गेलेल्याने हे विसरू नये, नाहीतर वकिलातीचा कागद खिशात असूनही विमानतळावर अडकतो. रात्री जेद्दाच्या काउंटरवर अम्मीच्या बोटांचे ठसे घेतले. येताना घेतलेल्या ठशांशी जुळले आणि शिक्का पडला.

माझे नाना हजला गेले ते मुंबईहून जहाजाने. ती जहाजे १९९५ पर्यंत जात होती. त्या काळी हाजींना साधा पासपोर्टही लागत नसे, हजपुरता वेगळा पास मिळे. २००९ च्या हजपासून सौदीने आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. नाना म्हणत, आमची ओळख म्हणजे गळ्यातली पिशवी. ती पिशवी नानीने शिवलेली होती आणि नाना ती आंघोळीलाही काढत नसत. आम्ही झिपच्या चांगल्या पर्सा घेतल्या होत्या.

मुंबईला इमिग्रेशनवर ते सर्टिफिकेट काढून घेतले. पहाटे घरी पोचलो तेव्हा अम्मीकडे पासपोर्ट म्हणून काहीच नव्हते. नवा काढायला पुन्हा सगळे आले. 'हरवलेल्याच्या बदल्यात' असा अर्ज, प्रतिज्ञापत्र, सौदी पोलिसांच्या कागदाची प्रत, घरी पोलिसांची पडताळणी. छत्तीस पानी साध्या पासपोर्टला पंधराशे रुपये पडतात. हरवलेल्याच्या बदल्यात घेताना आम्ही तीन हजार भरले. त्याआधी आधारवरचे ते एक अक्षर दुरुस्त करून घेतले. जानेवारीत टपालाने पासपोर्ट आला.

मग रमजान आला. पहिल्या तरावीहच्या दिवशी अम्मीने सफरीचे छोटे कुरआन शरीफ काढले. मक्केत तिने ते उघडलेच नव्हते, हरममधल्या रॅकवरचे मोठ्या अक्षरांचे घेऊन वाचत असे. आणि त्या रात्री आम्ही सगळे सामान उलटेपालटे केले, तेव्हा वुजूशिवाय जुजदानाला हात कोण लावणार, म्हणून तेवढे बाजूला अदबीने ठेवले होते. अम्मीने जुजदानाची नाडी सोडली आणि मला हाक मारली.

पासपोर्ट आतच होता. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा बघून ठेवलेला.

तो आता चालत नाही. एकदा हरवला म्हणून नोंद झाली की तो नंबर रद्द होतो, आणि सापडला म्हणून त्यावर प्रवास करायला गेलात तर विमानतळावरच अडवतात. तो पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा असतो. आमच्या ह्यांनी तो नेऊन दिला. अम्मीला मात्र त्या कार्यालयाचा राग आला. मदिन्याचा शिक्का होता म्हणे त्याच्यावर. मदिन्याचा वेगळा शिक्का नसतो, विमानतळावरचाच असतो, हे मी तिला सांगितलेले नाही.

नव्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक माझ्या कपाटात, एक पुण्याच्या भावाकडे, एक मोबाइलमध्ये. खुद्द पासपोर्टसाठी खालाने कापडी पिशवी शिवून दिली, गळ्यात घालायची, नानांसारखी. अम्मी ती सध्या रोज बाजाराला जाताना घालते. सवय हवी, म्हणते.