एका पानावर एकच प्रश्न

लीड्स, इंग्लंड

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येते, हे आपल्याकडे वरवट बकालसारख्या गावच्या बसथांब्यावर सांगितले तर पुष्कळांना पटणार नाही. पण भारत राष्ट्रकुलात आहे. इथे राहण्याची परवानगी असली की झाले. मतदार यादीत नाव मोबाईलवरूनच, एक फॉर्म भरून नोंदवता येते. साधारण पाच मिनिटे लागतील, असे सरकार आधीच सांगते आणि लागतातही तेवढीच. हा देश नागरिकाशी कसा बोलतो, ते मला या फॉर्मवरून जास्त कळले.

पहिले पान विचारते, तुम्ही कुठे राहता? इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स... एकावर बोट ठेवायचे आणि पुढे जायचे. मग नागरिकत्व, मग जन्मतारीख, मग नाव. जन्मतारखेला तीन रिकामे चौकोन: दिवस, महिना, वर्ष. साठीच्या माणसाला आपले जन्मसाल गाठायला लांबलचक यादी सरकवत बसावे लागत नाही. जन्मतारीखच माहीत नसेल तर त्यालाही वाट ठेवली आहे: कारण लिहा आणि वय साधारण कोणत्या टप्प्यातले ते सांगा. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकलेली किती माणसे आहेत! खरे उत्तर देऊनही पुढे जाता येईल असा फॉर्म त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

चूक झाली तर नेमक्या त्या चौकोनापाशी लाल अक्षरांत येते की काय लिहायला हवे होते. आधी भरलेले पुसले जात नाही. शेवटी सगळी उत्तरे एका पानावर दिसतात आणि प्रत्येकासमोर 'बदला' असते.

इथेही ही सोय पूर्वीपासून नव्हती. प्रत्येक खात्याचे संकेतस्थळ वेगळे, आणि आपले काम कोणत्या खात्याचे हे नागरिकानेच ओळखायचे. २०११ मध्ये सरकारने डिजिटल कामासाठी स्वतंत्र चमू उभा केला आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गव्ह डॉट यूके' हे सरकारचे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले. त्याच्या मेनूत खात्यांच्या आधी माणसाची कामे येतात: जन्म-मृत्यू-विवाह, वाहन, कर, घर. त्यावरची अक्षरेही इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांच्या घराण्यातली आहेत. त्या पाट्या घडवणाऱ्या मार्गारेट कॅल्व्हर्ट यांचाच हात या अक्षरांनाही लागला. धावत्या गाडीतून वाचता यावे म्हणून घडलेली अक्षरे ती! स्थानिक नगरपालिकांची संकेतस्थळे मात्र ज्याची त्याची, आणि व्हिसाचा अर्ज आजही दमवतो.

महाराष्ट्राने २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला, 'आपले सरकार' हे सेवांचे संकेतस्थळ मराठीतून उघडले. हे मोठे काम आहे. पण तिथे सेवा विभागवार लावल्या आहेत, आणि मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असलेला बाप 'महसूल विभाग' शोधत येत नाही. तो दाखला शोधत येतो. नावाचा घोळ तर रोजचा. स्वतःचे, वडिलांचे की नवऱ्याचे, आडनाव आधी की नंतर? आधारवर एक क्रम, सातबाऱ्यावर दुसरा. इथले सरकारी मार्गदर्शन सांगते की नावाच्या रीती समाजागणिक वेगळ्या असतात, म्हणून जमेल तिथे पूर्ण नावाला एकच चौकोन द्या. हा सल्ला आपल्याला जास्त लागू आहे. गावाचेही तेच: इंग्रजी यादीत वरवट बकाल 'व्ही'खाली बघायचे की 'डब्ल्यू'खाली?

फॉर्म भरता न येणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मला हे अजिबात मान्य नाही. इथे फॉर्म करणारी माणसे तो भरणाऱ्यांच्या शेजारी बसतात, बोट कुठे थबकते ते पाहतात आणि प्रश्न बदलतात. मुंबईत बसून फॉर्म बनवणाऱ्यांनी एक आठवडा संग्रामपूरच्या तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात असे बसावे. दाखल्यांच्या गर्दीचा, जून महिन्यातला आठवडा निवडावा.