जुन्या मोटारीचे आसन

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने जुन्या मोटारीच्या खचलेल्या आसनावर बसून मडगावाहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव गाठलेले नसावे. घाटातील प्रत्येक वळणावर देह एका बाजूस कलतो, खालची स्प्रिंग मांडीला टोचते आणि उतरताना कंबर सरळ करण्यास कोणाचा तरी हात लागतो. तरीही जुन्या गाडीवर जीव जडलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अशा माणसांच्या, आणि पुढे कधी अशी गाडी ज्यांच्या वाट्यास येईल त्या विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडावे म्हणून हे आसनपुराण सांगत आहे.

आमच्या मामांच्या दारी एक प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ आराखडा इटलीतील फियाट कंपनीचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली. आधी ती फियाट म्हणून ओळखली जाई. १९७० नंतरच्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि पुढे बाकासारखे सलग आसन, ही तिची जुनी ओळख. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत ती अनेक दशके मिरवली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तेथील रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची निवृत्त झाली. मामांची गाडी मात्र चालू होती. बंद पडण्याची वेळ तिच्यावर आली ती इंजिनामुळे नव्हे, आसनामुळे.

त्याचे असे झाले. मामींना कंबरदुखी जडली. पुढल्या आसनाचा मामींच्या बाजूचा भाग इतका खचला होता, की त्यांना समोरचा रस्ताही नीट दिसत नसे. त्यांनी गाडीत बसणे सोडले. मामींवाचून मामा गाडी बाहेर काढीनात. उभी गाडी ही मरणपंथाला लागलेली गाडी असते. बॅटरी उतरते, रबर तडकते, आणि आपल्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो. मुलांनी भंगारवाल्याशी बोलणेही सुरू केले. मामा काही बोलले नाहीत. रोज सकाळी ते नुसती गाडी पुसत.

दुरुस्ती झाली नव्हती असे नाही. एका कारागिराने जुन्या आवरणाखाली मऊ फोमचा एक थर सरकवून दिला होता. आठ दिवस आसन गादीसारखे वाटले. चौथ्या महिन्यात पुन्हा तोच खड्डा! नवा फोम घातला असताना असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला जे कळले, त्यातच स्वस्त आणि टिकाऊ दुरुस्तीचे रहस्य आहे.

आसन म्हणजे फोमचा एक ठोकळा, अशी आपली समजूत असते. जुन्या गाडीचे आसन उघडून पाहिले म्हणजे ही समजूत पार बदलते. सर्वांत खाली लोखंडी सांगाडा; त्यावर पोलादी स्प्रिंगा; स्प्रिंगांवर गोणपाट; गोणपाटावर काथ्याचा किंवा दाट फोमचा कठीण थर; त्यावर मऊ फोम; मग कापसासारखा पातळ पापुद्रा आणि शेवटी रेक्झिन. ही एक उतरंडच आहे. वजन झेलण्याचे मुख्य काम स्प्रिंगांचे. कठीण थर ते वजन अनेक स्प्रिंगांवर सारखे वाटतो. मऊ थराचे काम एवढेच, की देहाच्या आकाराशी जुळवून घ्यावे. आपण बसतो वरच्या थरावर. पण आपल्याला सांभाळतात ते खालचे.

मामांच्या गाडीत नेमके खालचे घर कोसळले होते. ओल लागून गोणपाट कुजले होते, काथ्याच्या थराचा भुगा झाला होता आणि स्प्रिंगांची टोके सरळ फोममध्ये घुसून त्याचे तुकडे करीत होती. अशा पायावर कितीही उत्तम फोम ठेवला तरी तो टिकणार कसा? पहिल्या दुरुस्तीत गळक्या छपराखाली नवी सतरंजी अंथरल्यासारखा प्रकार झाला होता.

आता फोमकडे वळू. पूर्वी आसनांत घोड्याचे केस, काथ्या किंवा कापूस भरीत. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत रबराच्या चिकाला फेस आणून त्याची गादी बनविण्याची युक्ती निघाली. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हे रसायन सिद्ध केले. आज आसनांत आढळणारा फोम बहुधा त्याचाच. आपल्या नारळाच्या सोडणाचा काथ्याही या कामातून हद्दपार झालेला नाही. त्याच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून, दाबून व तापवून केलेले तक्ते गाद्यांच्या दुकानांत मिळतात आणि आसनाच्या कठीण थरासाठी ते फार उपयोगी पडतात.

फोम म्हणजे सूक्ष्म कोठड्यांची एक विशाल वसाहत. कोठड्या एकमेकींत उघडतात, म्हणून दाबताच आतली हवा बाहेर पडते व सोडताच पुन्हा आत येते. दाब पडला की कोठड्यांचे बारीक खांब वाकतात. काही अंतरापर्यंत ते लवचीकपणे वाकत राहतात. हेच आपल्याला सुखाचे वाटते. पण दाब आणखी वाढला की समोरासमोरचे खांब एकमेकांना टेकतात. मग दबण्यास जागाच उरत नाही आणि फोम लाकडासारखा कठीण लागतो. पातळ व अतिमऊ फोमवर बसणारा मनुष्य पहिल्या क्षणीच या अवस्थेला पोहोचतो. म्हणून दुकानात अंगठ्याने दाबून 'किती मऊ!' असे म्हणत फोम निवडणे ही मोठी फसगत आहे. अंगठ्याचे वजन वेगळे, माणसाचे वेगळे.

वाकून वाकून खांब थकतात. शिवाय हवेतील ओलावा, प्राणवायू, उष्णता आणि सूर्यप्रकाश ही चौकडी फोमची रासायनिक बांधणी हळूहळू तोडीत असते. आसनाखाली पिवळा भुगा पडलेला दिसला, की फोमचे आयुष्य संपले असे समजावे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत हे काम अधिक लवकर होते.

फोम विकत घेताना 'घनता' हा शब्द कानी पडतो. दुकानदार 'चाळीस डेन्सिटी' म्हणतो, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. घनता आणि कठीणपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. एकाच घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कठीणही. घनता सांगते ती मुख्यतः टिकाऊपणाची गोष्ट. जितका माल अधिक, तितके तो उशिरा थकणार. रोज बसण्याच्या आसनाला ४० च्या आसपासची घनता असावी. पाठीला त्याहून थोडी कमी चालते, कारण पाठीवर भार कमी.

येथे तुमचे शाळेतील गणित कामी येते. ५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५ जाड असा तुकडा घ्या. त्याचे घनफळ १२,५०० घनसेंटिमीटर, म्हणजे ०.०१२५ घनमीटर. घनता खरोखर ४० असेल, तर तुकड्याचे वजन ५०० ग्रॅम भरले पाहिजे. आम्ही एका दुकानात 'चाळीस' म्हणून दाखविलेला असाच तुकडा शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. तो भरला ३४० ग्रॅम. म्हणजे घनता अवघी २७! आम्ही नम्रपणे नमस्कार करून दुसरे दुकान गाठले. मात्र भुकटी मिसळून वजन वाढविलेला फोमही असू शकतो. म्हणून तुकडा मुठीत घट्ट आवळून सोडावा. तो तत्काळ पूर्ववत झाला तरच पसंत करावा.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम निदान. एक सरळ काठी आसनावर आडवी ठेवून तिच्यापासून खड्ड्याची खोली मोजावी. आमच्याकडे ती ४ सेंटिमीटर भरली. मग बोल्ट सोडून आसन बाहेर काढावे, उलटे करावे आणि एकेक स्प्रिंग हाताने दाबून पाहावी. टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घ्यावीत. पुढचे आसन उघडले असताना मागचे तसेच ठेवावे. आपण कोठे चुकलो हे ते मुकाट्याने सांगते.

रेक्झिन तारेच्या कड्यांनी सांगाड्याला बांधलेले असते. कड्या कापाव्यात, रेक्झिन ओढू नये. जुने रेक्झिन तासभर कोवळ्या उन्हात ठेवले की नरम होते आणि चिरत नाही. उसवलेली शिवण नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा घालता येते. आवरण वाचले, की खर्चाचा मोठा भाग वाचला. जुना फोम काढताना तोंडाला फडके बांधावे. हा फोम कदापि जाळू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड यांसारखे प्राणघातक वायू असतात.

सांगाड्याचा गंज पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइड लावावा. निसटलेल्या स्प्रिंगा तारेने बांधाव्यात. मोडलेली मात्र बदललीच पाहिजे. स्प्रिंगांवर जाड गोणपाट ताणून शिवावे. त्यावर काथ्याचा तक्ता, त्यावर ४० घनतेचा ५ सेंटिमीटर जाडीचा फोम आणि सर्वांत वर अडीच सेंटिमीटरचा मऊ फोम. खड्ड्याखालचे थर सडलेले नसतील आणि एकच थर गेला असेल, तर तेवढाच बदलावा. सर्व आसन नवे करण्याचा हट्ट धरू नये.

फोम कापण्यास लांब, पातळ व धारदार सुरी घ्यावी. कागदाचा नमुना ठेवून खडूने रेघ मारावी आणि चारही बाजूंनी एक सेंटिमीटर अधिक ठेवून कापावे, म्हणजे आवरण घट्ट बसते. थर चिकटविण्याचे सोल्यूशन मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर लावावे. दोन्ही बाजूंना लावून ते बोटाला चिकटेनासे झाले की मगच थर जोडावेत. शेवटी फोमवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरला, तर रेक्झिन त्यावरून अलगद सरकते. नंतर तो कागद ओढून घ्यावा.

दोन सूचना विसरू नयेत. फोम भरताना मूळ उंची ओलांडू नये. आसन फार उंच झाले तर डोके छताला लागते आणि चालकाचे पाय पेडलवर नीट पडत नाहीत. आसन परत बसविल्यावर बोल्ट पक्के आवळावेत, पुढेमागे हलवून पाहावे आणि मगच गाडी रस्त्यावर न्यावी. हा सारा प्रयोग जुन्या, साध्या आसनांसाठीच आहे. नव्या गाड्यांच्या आसनांत कधी कधी एअरबॅग व विजेच्या तारा असतात. ती घरी उघडू नयेत.

आम्हांला हे काम तीन रविवार पुरले. एका कारागिराने संपूर्ण आसन नवे करून देण्यास जी रक्कम सांगितली होती, तिच्या तिसऱ्या हिश्श्यातच खर्च भागला. तो स्वस्त फोम घेतल्यामुळे भागला नाही. उलट फोम आम्ही चांगला, महागच घेतला. बचत झाली ती जे शाबूत होते ते न फेकल्यामुळे, आणि नेमके काय बिघडले आहे हे आधी पाहिल्यामुळे. पहिल्या वेळी आम्ही न पाहता खर्च केला होता. तोच खरा महाग पडला.

चौथ्या रविवारी मामी पुढल्या आसनावर बसल्या. मामांनी गाडी सुरू केली, पण लगेच हलविली नाही. ते मामींच्या तोंडाकडे पाहत राहिले. मामींनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकून पाहिले, समोरच्या काचेतून रस्ता न्याहाळला आणि म्हणाल्या, "दिसतो हं सगळा रस्ता. चला आता." त्या दिवसानंतर भंगारवाल्याचे नाव आमच्या घरी पुन्हा निघाले नाही.