बाटलीवरची खूण

संध्याकाळच्या लोकल आल्या की टिटवाळा स्टेशनाजवळच्या मेडिकलमध्ये कडेवर मूल घेतलेल्या आयांची रीघ लागते. ऑफिस, कसारा लोकलची गर्दी, पाळणाघर आणि मग हे काउंटर. "दादा, मागच्या वेळचंच अँटिबायोटिक द्या. उद्या ताप असला तर काकू पाळणाघरात घेणार नाहीत."

मागच्या वेळचं म्हणजे सेफिक्झिम. मार्च 2014 पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. "ताई, चिठ्ठीशिवाय नाही देता येणार," मेडिकलवाला सांगतो. तिची चिडचिड मला पटते, उद्याची रजा तिच्याच पगारातून जाणार. पण सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, त्यावर हे औषध चालतच नाही.

चालतं ते भलतीकडेच. न्यूमोकोकससारखे जिवाणू धडधाकट मुलांच्याही नाकाघशात मुक्कामाला असतात. औषधाने त्यातले कमजोर मरतात, चिवट उरतात. पाळणाघरात एका खोलीत दहा-बारा पोरं, एकच रबरी हत्ती आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडात. ज्याने कधी अँटिबायोटिक घेतलंच नाही, त्याच्याही घशात ते चिवट जिवाणू जाऊन बसतात. पाळणाघरात एकाची बाटली एकाची राहत नाही, असं मला म्हणूनच वाटतं. न्यूमोकोकसची लस 2021 पासून सरकारी लसीकरणात देशभर मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, हे तीन डोस कुणी चुकवू नयेत.

पुढच्या बाईकडे चिठ्ठी आहे. मुलाचा कान ठणकतोय, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. मेडिकलवाला बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करतो, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या बरंच खाली ओततो, जोरात हलवतो आणि थांबतो. फेस बसायला हवा. फेसालाच पातळी समजलं तर पाणी कमी पडतं आणि डोस कडक होतो, खुणेच्या वर गेलं तर पातळ. मग खुणेपर्यंत पाणी, पुन्हा हलवणं. ओलावा आणि उष्णता लागली की क्लॅव्ह्युलॅनेटचा जोर ओसरत जातो, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनी फेकायची. ती तारीख तो पेनाने लेबलावर लिहितो.

"उरलं तर धाकटीला चालेल?"

"नाही ताई, डोस वजनावर ठरतो. ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस द्या. आणि दुपारचा डोस पाळणाघरात असेल, तर द्यायच्या आधी बाटली हलवायला सांगा काकूंना. औषध तळाशी बसतं."