'मानापमान' विसरलेली एक रात्र



बैठकेत मराठी नाटक बसवायचे ठरले की तालमीच्या आधी एक वेगळीच तालीम होते. ती पात्रवाटपाची. नायक कोण, नायिकेचे काम कोणाच्या मुलीला, कोणाच्या वाट्याला किती संवाद, यावर दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. एका मंडळात तर मी पाहिले आहे की दोन चांगले नट एकमेकांबरोबर उभे राहायला तयार होईनात, आणि शेवटी त्या वर्षी ते नाटक महोत्सवात उतरलेच नाही. दोघांच्याही अंगी गुण होते. दुसऱ्याच्या गुणाला जागा देणे तेवढे जमले नाही.

अशा वेळी मला मराठी रंगभूमीवरील एक रात्र आठवते. ती पाहिलेला माणूस आज कोणी उरलेला नाही, पण तिची हकीकत महाराष्ट्रात अजून सांगतात. आपल्या मुलांनाही ती ठाऊक असावी म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ती रात्र ८ जुलै १९२१ ची. गाव मुंबई, नाटकगृह बालीवाला थिएटर, नाटक 'संगीत मानापमान'. रंगमंचावर दोन नट प्रथमच एकत्र आले होते: नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, आणि केशवराव भोसले. दोघेही आपापल्या कंपनीचे मालक, दोघेही अव्वल गायक, आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी.

या प्रसंगाचे मोल कळायला त्या काळची नाटक कंपनी म्हणजे काय होते ते समजून घेतले पाहिजे. आपण वर्षातून एकदा हौसेने नाटक करतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. त्यांचे तसे नव्हते. कंपनी म्हणजे गावोगाव फिरणारे एक मोठे घरच. नट, गवई, तबलजी, ऑर्गन आणि सारंगी वाजवणारे, पडदे रंगवणारे, कपडेवाले, आचारी अशा सर्वांची पंगत एकाच स्वयंपाकावर बसायची. या साऱ्यांचे पोट मुख्य गायक नटाच्या गळ्यावर चाले. त्याचा आवाज बसला की तिकिटाची खिडकी ओस पडे. मग दुसऱ्या कंपनीचा नट आपल्यापेक्षा बरा गातो असे लोकांना वाटू लागले तर मालकाला झोप कशी यावी? चढाओढीच्या मागे मानापमानाबरोबर भाकरीचाही प्रश्न होता.

आता या दोघांची ओळख करून घेऊ.

नारायणराव राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले अशी कथा प्रसिद्ध आहे, आणि तेच नाव जन्मभर राहिले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांना बरोबर घेऊन त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून स्त्रियांची कामे पुरुषच करीत. बालगंधर्वांची नायिका एवढी खरी वाटे की घराघरांतील बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना लाभली होती. त्यांचे गाणे गोड, लयदार, ऐकणाऱ्याच्या जवळ येऊन बोलल्यासारखे. आजही त्यांच्या तबकड्यांवरून ते ऐकता येते.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लवकर गेले आणि घरात दारिद्र्य आले. आईने लहानग्या केशवाला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत ठेवले. शाळेत जाण्याच्या वयात तो मुलगा तोंडाला रंग लावून उभा राहिला. देवलांच्या 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्याचे नाव झाले. वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' ही आपली स्वतःची कंपनी स्थापन केली. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. त्यांचा आवाज उंच, धारदार, ताना विजेसारख्या. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हता. मागच्या बाकावरच्या माणसापर्यंत गळाच पोचवावा लागे, आणि केशवरावांचा गळा पोचत असे.

एक गोडव्याचा, दुसरा तेजाचा. साहजिकच रसिकांत दोन तट पडले. एका तटाला दुसऱ्याचे गाणे नीट ऐकूच येत नसे, असे म्हटले तरी चालेल.

या दोघांना एकत्र आणणारे निमित्त देशाचे होते. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उघडला गेला, आणि एक कोटी रुपये जमवायचे असा संकल्प काँग्रेसने १९२१ मध्ये सोडला. या फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून एक प्रयोग करावा असे ठरले. त्यालाच पुढे 'संयुक्त मानापमान' हे नाव पडले.

यात केवळ दोन नटांचा प्रश्न नव्हता. कोल्हापूरकडे त्या वेळी ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद तापलेला होता. छत्रपती शाहू महाराज आणि टिळक यांचे मतभेद जगजाहीर होते. केशवराव मराठा समाजातील, कोल्हापूरचे, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले. बालगंधर्व ब्राह्मण घरचे. मौज अशी की बालगंधर्वांनाही शाहू महाराजांनी हात दिला होता. तरुणपणी त्यांना कानाचा त्रास होता, तेव्हा महाराजांनीच मिरजेस त्यांच्यावर उपचार करविले. म्हणजे भोवती भिंती होत्या, पण कला त्या भिंतींत आधीच दारे पाडून बसली होती. केशवराव टिळकांच्या नावाच्या फंडासाठी उभे राहिले, तेव्हा ते त्यांतल्याच एका दारातून पुढे आले.

आता नाटकाकडे वळू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' प्रथम १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरीही त्यांनी खेळ बंद पडू दिला नाही, हे सर्वश्रुत आहे. कथा थोडक्यात अशी. धैर्यधर हा शूर सेनापती, पण गरीब. भामिनी श्रीमंताची कन्या. धनवान पण भित्र्या लक्ष्मीधराला पसंत करून ती धैर्यधराला धुडकावते, त्याच्या गरिबीचा अपमान करते. पुढे तीच भामिनी वनमाला नावाने साधी, गरीब मुलगी होऊन त्याच्याजवळ येते, त्याचे शौर्य आणि मन पाहते आणि त्याच्यावर प्रेम करू लागते. जिने मान दुखवला तीच शेवटी मान देते.

त्या रात्री भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर होते केशवराव.

या दोघांनी एकमेकांविषयी काय उद्गार काढले याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. पण शिक्षकाला सवय असते ती वही तपासण्याची. मुलगा काय म्हणाला यापेक्षा त्याने काय करून दाखवले ते आपण पाहतो. या दोन नटांची वही उघडली तर काय दिसते?

पहिली गोष्ट भूमिकेची. केशवरावांनी स्वतः स्त्रीभूमिकांत नाव कमावले होते. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' मधील त्यांची मृणालिनी रसिकांनी डोक्यावर घेतली होती. तरीही त्या रात्री नायिका नारायणरावांची, हे त्यांनी मान्य केले. ज्या प्रांतात आपणही राज्य केले आहे तो प्रांत दुसऱ्याला मोकळा करून देणे, याला मी आदर म्हणतो.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. नाटकात भामिनी धैर्यधराचा अपमान करते. म्हणजे भरल्या थिएटरात, स्वतःच्या चाहत्यांच्या डोळ्यांदेखत, केशवरावांना प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून हिणवून घ्यायचे होते. आणि बालगंधर्वांना पुढे वनमाला होऊन त्यांच्यापुढे नमते घ्यायचे होते, तेही आपल्या चाहत्यांसमोर. एकाने जरी हात राखून काम केले असते, अपमानाची धार बोथट केली असती किंवा नमते घेताना तोरा ठेवला असता, तर खाडिलकरांचे नाटक तिथेच कोलमडले असते. पात्राचा मान राखण्यासाठी नटाला आपला मान बाजूला ठेवावा लागतो. नाटकाचे नावच 'मानापमान', आणि कसोटीही त्याचीच.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. या नाटकात पदांची संख्या पन्नासांच्या घरात आहे. त्यात पुन्हा 'वन्स मोअर'. लोकांना पद आवडले की ते पुन्हा म्हणायला लावीत. एक नट गातो तेव्हा दुसऱ्याने काय करायचे? त्याला पडद्यामागे जाता येत नाही. तिथेच उभे राहून, आपल्या पात्राच्या चेहऱ्याने, ते गाणे ऐकायचे असते. गाणारा प्रतिस्पर्धी असेल, टाळ्या त्याला पडत असतील, तर ते ऐकणे ही मोठी परीक्षा. ऐकणारा कंटाळलेला दिसला तर प्रेक्षकालाही गाणे फिके वाटते. तो मनापासून ऐकत असेल तर गाणाऱ्याचा सूर दुप्पट चढतो. त्या रात्रीचा प्रयोग पडला नाही, उलट मराठी रंगभूमीचा मानबिंदू म्हणून त्याचे नाव राहिले. अर्थात दोघेही चांगले गायले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोघांनी चांगले ऐकले.

या एका खेळाचे उत्पन्न सोळा-सतरा हजार रुपयांच्या घरात गेले असे सांगतात. १९२१ मधले ते रुपये होते. पैसा फंडाला गेला. आणि हा उत्साह एका रात्रीपुरता राहिला नाही. पाठोपाठ 'संयुक्त सौभद्र' ही झाले.

यानंतर आणखी किती प्रयोग झाले असते कोण जाणे. पण तीन महिनेही झाले नव्हते तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव पुण्यास विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. बालगंधर्वांना पुढे दीर्घ आयुष्य लाभले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण असे सन्मान मिळाले, पण उतारवय आजार आणि ओढगस्तीतच गेले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. केशवरावांची 'ललितकलादर्श' बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी जतन केली.

जे दोघे एका मंचावर थोड्याच वेळा आले त्यांची नावे आज दोन नाट्यगृहांना आहेत. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेल्या पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, या नाट्यगृहाला मोठी आग लागली. तिथे उभे राहिलेले कलावंत जळलेल्या भिंती पाहून ढसाढसा रडले, आणि ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. माणूस जाऊन शंभरावर वर्षे झाली तरी त्याच्या नावाच्या वास्तूसाठी लोकांचे डोळे भरून येतात, ही केवढी कमाई!

आपल्या बेटावर एवढे मोठे गवई नसतील, एवढ्या मोठ्या कंपन्याही नाहीत. घरात क्रिओल बोलणारी आपली मुले मोठ्या कष्टाने मराठी संवाद पाठ करतात, हीच आपली रंगभूमी. म्हणून तर तिथे भांडणात वाया घालवायला एकही नट आपल्यापाशी जास्तीचा नाही. ज्या वर्षी दोन चांगले नट एकमेकांकडे पाठ फिरवतात, त्या वर्षी बैठकेतील वीस मुले मराठी बोलायची एक संधी गमावतात.

शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणांना मी नाटकाचा पाठ देतो तेव्हा एक साधा अभ्यास सांगतो. तो पालकांनीही करून पाहावा. येत्या महोत्सवात नाटक पाहायला जाल तेव्हा काही वेळ बोलणाऱ्या नटाकडे पाहू नका. जो गप्प उभा आहे त्याच्याकडे पाहा. तो ऐकतो आहे की आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहतो आहे, हे पाच मिनिटांत कळेल. आणि आपला मुलगा किंवा मुलगी घरी आली की तिच्या संवादांची वाहवा अवश्य करा. मग एवढेच विचारा: तुझ्या जोडीदाराचे कोणते वाक्य तुला सर्वांत आवडले?