वादळ आणि हललेले छायाचित्र

छायाचित्रणाच्या पहिल्या अर्धशतकाचे दप्तर उघडून पाहिले, तर वाऱ्याच्या नावावर तक्रारींखेरीज फारसे काही रुजू झालेले आढळत नाही. 1838 साली दागेर यांनी पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात चित्रणाची मुदत मिनिटांची असल्यामुळे धावत्या गाड्या व पादचारी यांचा मागमूसही उरला नाही. बूट पुसून घेण्यासाठी थबकलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. वाऱ्याने झाडाची पाने हलली की काचेवर नुसता पिठूळ डाग येई, म्हणून निसर्गदृश्ये टिपणारा मनुष्य तिपाई मांडून वारा पडण्याची वाट पाहत बसे. वादळ हा तेव्हा चित्राचा विषय नसून काम तहकूब ठेवण्याचे सबळ कारण होते.

1856-57 च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची जी चित्रे सिद्ध केली, त्यांत आकाशाला व पाण्याला लागणारा प्रकाशाचा अवधी भिन्न असल्याने काही ठिकाणी दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून एकच छाप काढला होता. त्या चित्रांचे अपार कौतुक झाले; परंतु फुटती लाट जागच्या जागी थांबवून दाखवली, याचे ते कौतुक होते. गती थोपवणे हाच पराक्रम मानणाऱ्या त्या युगात हललेले चित्र म्हणजे कारागिराचा कसूर, याविषयी दुमत नव्हते.

हा निवाडा फिरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्याकडे जाते. 22 फेब्रुवारी 1893 रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, हिमवादळात, हातातला लहान कॅमेरा सावरीत ते योग्य क्षणासाठी तीन तास उभे राहिले. त्या चित्रात समोरून येणारी घोडागाडी आहे, गाडीवानाचा हात उगारलेला आहे, अग्रभागी बर्फात उमटलेल्या काळ्या चाकोऱ्या आहेत, आणि दुतर्फा उभ्या इमारती मात्र क्रमाक्रमाने राखाडी होत विरून गेल्या आहेत. निगेटिव्ह पाहून छायाचित्रकार सहकाऱ्यांनी ते अस्पष्ट असल्याने फेकून देण्याचा सल्ला दिला, व आपणांस ते जसे हवे होते तसेच आले आहे, असे उत्तर आपण दिले, ही हकीकत स्टिग्लिट्झ पुढे स्वतःच सांगत. या चित्रातील धूसरता पटते, कारण त्या चाकोऱ्या तिच्या शेजारी साक्षीला उभ्या आहेत. त्या नसत्या, तर पाहणाऱ्याने दोष भिंगाला दिला असता, हवेला नव्हे.

यामागील गणित साधे आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर या वेगाने खाली येतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तो 15 सेंटिमीटर पडतो आणि चित्रात रेघ होऊन उतरतो. हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटरही सरकत नाही, म्हणून मुसळधार पाऊस हवेत टांगलेल्या मण्यांसारखा भासतो. आणि पाव सेकंदाची मुदत दिली, तर थेंब वेगळे न राहता त्यांचा एक पडदाच तयार होतो. कोकणात आषाढातल्या झडीत माडाचे चित्र घेताना हाच प्रत्यय येतो: अवधी अल्प ठेवला, तर झावळ्यांची पाती न् पाती मोजता येते, पण वाऱ्याचा पत्ता लागत नाही; अवधी थोडा वाढवला, की खोड ठाम राहून शेंड्याचा एकाच दिशेला फराटा उठतो आणि वाऱ्याचा जोर व रोख दोन्ही कळतात. कॅमेराच हातात हलला, तर मात्र खोडही पुसले जाते, आणि मग वादळही उरत नाही व माडही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर एर्न्स्ट हास यांनी मंद गतीच्या रंगीत फिल्मची मर्यादा हेच साधन केले. बैलझुंजीच्या त्यांच्या हललेल्या रंगीत चित्रांना 1957 साली ‘लाइफ’ नियतकालिकाने पाने दिली, तेव्हा या प्रयोगाला जणू सनदच मिळाली. पुढे जपानमध्ये मासाहिसा फुकासे यांनी कावळ्यांची जी चित्रमालिका 1986 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तिच्यात काळोख, हिम आणि पक्षी यांच्या कडा एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत, की बाहेरचे हवामान व चित्रकर्त्याचे मन यांची वाटणी करणे दुरापास्त व्हावे.

आज भ्रमणध्वनीतील कॅमेरा अनेक चित्रे एकत्र करून हाताचा कंप आपण होऊन काढून टाकतो, आणि त्याच्या ओघात पुष्कळदा वाराही काढून टाकतो. ज्या दोषापासून सुटण्यासाठी पूर्वसुरींनी आयुष्ये वेचली, तो आता बुद्ध्या मागून घ्यावा लागतो. पण म्हणून सरसकट धूसरतेला कला म्हणण्याची घाई मला मान्य नाही. वादळाचे चित्र घेणाऱ्याने काय हलू द्यायचे, याआधी काय हलू द्यायचे नाही, हे ठरवले पाहिजे.