आधी शंभर ओळी, मग पॅकेज

२०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल संगणकाच्या जोरावर प्रथिने रचणाऱ्या आणि त्यांची घडण ओळखणाऱ्या तिघांना मिळाले, आणि ‘आता प्रयोगशाळा हवीच कशाला?’ असा सूर लागला. जेल, फेस, रंग, प्रथिने असल्या मऊ पदार्थांचे भौतिकशास्त्र शिकणाऱ्यालाही मग थेट सिम्युलेशनचे तयार पॅकेज उघडून रंगीत चलच्चित्र काढण्याची घाई होते. त्याने आधी १९५७ सालात डोकवावे.

त्या वर्षी न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज उलेनबेक यांनी चक्क हात वर करायला लावले. एकमेकांना अजिबात न ओढणारे, फक्त आदळणारे कडक गोळे दाटीने कोंबले, तर त्यांचा स्फटिक होईल का? सभागृहात एकाहून एक जाणकार, तरी मते निम्मी-निम्मी पडली. आकर्षणच नाही, तर शिस्त येणार कुठून, ही शंका काही बावळट नव्हती. त्याच वर्षी बर्नी ऑल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी संगणकावर गोळ्यांच्या टकरी एकामागून एक मोजल्या. उत्तर आले, हो! कारण ऐकायला उफराटे आहे: दाटीत ओळीने बसले की प्रत्येक गोळ्याला हलायला जास्त जागा मिळते, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते. १९८६मध्ये पीटर प्युसी आणि विल्यम व्हॅन मेगेन यांनी द्रवात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत असे स्फटिक प्रत्यक्ष दाखवले.

टकरींपुढचे पाऊल, म्हणजे अणूंमधले बल धरून त्यांची हालचाल मोजणे, हैदराबादच्या अनीसुर रहमान यांचे. १९६४मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत त्यांनी ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन संगणकावर हलवून दाखवला. आपल्याकडे हे नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

तोच प्रोग्रॅम आज बीएस्सीचा विद्यार्थी पायथनमध्ये शंभरेक ओळींत लिहू शकतो. अणूंच्या काल्पनिक पेटीच्या उजव्या कडेतून निसटलेला अणू डावीकडून आत घ्यायचा आणि ठरावीक पावलांनी एकूण ऊर्जा छापायची. ती स्थिर राहायला हवी; चढत चालली, तर वेळेचे पाऊल मोठे पडले आहे किंवा बलाच्या सूत्रात काहीतरी चुकले आहे. पॅकेजमध्ये तापमान स्थिर राखणारा थर्मोस्टॅट लावला की ही जादा ऊर्जा तो गुपचूप शोषून घेतो. चित्र देखणे दिसते आणि चूक झाकली जाते.

लॅम्प्स, ग्रोमॅक्स ही पॅकेजे उत्तम आहेत, फुकटही आहेत. पण ती उघडण्याआधी एकदा रहमान यांचे ८६४ अणू स्वतःच्या लॅपटॉपवर हलवून पाहा.