म्युच्युअल फंडाच्या बाटलीवरील चिठ्ठी

प्रयोगशाळेतील बाटलीवर ‘सौम्य गंधकाम्ल’ अशी चिठ्ठी असावी आणि आत तीव्र गंधकाम्ल निघावे, म्हणजे काय अनर्थ होईल हे तुम्ही जाणताच. पैशांच्या बाबतीत असाच प्रकार आपल्या देशात घडून गेला आहे.

अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, जाणकारांनी ते शेअर्स किंवा रोखे यांत गुंतवायचे आणि नफातोटा वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा, याला म्युच्युअल फंड म्हणतात. एका वाट्याला म्हणतात युनिट. मुंबईच्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने 1964 साली ‘युनिट योजना 64’ सुरू केली. युनिटची दर्शनी किंमत होती 10 रुपये. नोकरदार आणि निवृत्त मंडळी तिला बँकेतील ठेवीसारखीच समजत. पण पुढे तिच्यातील निम्म्याहून अधिक पैसा शेअर्समध्ये गेला. शिवाय युनिटचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवी. आतील मालाच्या बाजारभावाशी त्याचा मेळ राहिला नव्हता. जुलै 2001 मध्ये युनिटांची विक्री व फेरखरेदी सहा महिन्यांसाठी थांबविल्याचे जाहीर झाले. नंतर लहान युनिटधारकांपुरती सवलत द्यावी लागली. 2002 च्या आरंभी खरे मूल्य कळले, तेव्हा ते दर्शनी किमतीच्याही पुष्कळ खाली होते!

चिठ्ठी आणि माल यांचा मेळ बसावा म्हणून ‘सेबी’ या नियामक मंडळाने ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या मोठ्या, 101 ते 250 मध्यम आणि त्यापुढच्या लहान. ‘लार्ज कॅप’ फंडाने निदान 80 टक्के पैसा मोठ्या कंपन्यांत ठेवायचा. ‘स्मॉल कॅप’ फंडाने निदान 65 टक्के लहान कंपन्यांत. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास चढतो आणि हिवाळ्यात पहाटे 10 च्या आसपास उतरतो. मुंबईला समुद्र असल्यामुळे एवढा चढउतार होत नाही. लहान कंपन्यांचे भाव बहुधा नागपूरच्या पाऱ्यासारखे वागतात. (आम्हा नागपूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही!)

दुसरा मोठा प्रकार रोख्यांच्या फंडांचा. यांत धोका नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. समजा, 100 रुपयांचा रोखा दरसाल 7 रुपये व्याज देतो. उद्या बाजारातील व्याजदर 8 टक्के झाला, तर 7 टक्क्यांच्या रोख्याला 100 रुपये कोण देईल? मुदत एक वर्ष उरली असेल तर त्याची किंमत 107 भागिले 1.08, म्हणजे सुमारे 99 रुपये होईल. दहा वर्षे उरली असतील तर मात्र सुमारे 93 रुपये 29 पैसेच! तरफेची भुजा जितकी लांब, तितके टोक अधिक हलते. येथे उरलेली मुदत हीच भुजा. म्हणून 91 दिवसांपर्यंतचेच रोखे बाळगणारा ‘लिक्विड’ फंड जवळजवळ स्थिर असतो, आणि दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे बाळगणारा ‘गिल्ट’ फंड, सरकारची हमी असूनही, हेलकावे खातो.

शेअर्स आणि रोखे यांचे मिश्रण म्हणजे ‘हायब्रिड’ फंड. येथे प्रमाण पाहिल्यावाचून काहीच कळत नाही. ते फंडाच्या मासिक पत्रकात छापलेले असते.

आता एक गणित. वरील रोख्याची दोनच वर्षे उरली असतील, तर त्याची किंमत किती होईल? चक्रवाढ व्याजाचे सूत्र उलटे वापरा. उत्तर 98 रुपये 22 पैशांच्या जवळ यावयास हवे.